सांगण्यात आले

"म्हाताऱ्यानंच घात केला पोरीचा. कॉलेजवाल्याचा फोन आला तं सरळ सांगून मोकळा झाला, का ही काई माही नात नाई. मी स्वतः फोन करून इचारलं होतं त्याले. म्हने, 'हो, मीच सांगतलं. नियम म्हंजे नियम.' असा मानूस. अन् पोरगी तरी कोनती सरळ हाये? चोरी करता करता पकडल्या गेली."

हे शब्द मी जसेच्या तसे दिले आहेत. कानामात्रेचाही फरक केलेला नाही. साखरखेर्ड्याच्या एका लग्नात, पंगतीत, माझ्या उजव्या हाताला बसलेल्या गृहस्थाने ते पलीकडच्या सोयऱ्याला ऐकवले. गृहस्थाचे खामगावकडे कृषी केंद्र आहे, म्हणजे बियाणे, खते आणि फवारणीच्या औषधांचे दुकान. आवाज असा की अर्ध्या पंगतीने ऐकावे. ज्या म्हाताऱ्याविषयी आपण बोलतो आहोत तो शेजारीच बसून बट्टी कुस्करतो आहे, याची त्याला कल्पना नव्हती. त्याने मला त्यापूर्वी कधी पाहिलेले नव्हते.

मी विचारले, "तुम्ही स्वतः बोललात त्यांच्याशी?"

"हाव तं."

"फोनवर?"

"फोनवर. दोनदा."

"आवाज कसा आहे हो त्यांचा?"

"कडक. कोर्टातला मानूस हाये ना. तुमी बट्टी घ्या, गरम हाये."

त्याला गप्प करायला मला एक वाक्य पुरले असते. ते मी त्या दिवशी उच्चारले नाही. शब्दाला शब्द देण्यात मी कोणाला हार गेलेलो नाही, हे माझे शत्रूही मान्य करतील. तरी मी वरणात बट्टी कालवली आणि पुढचे ऐकत राहिलो. पुढचे असे होते:

"माह्या दुकानात आली होती ना ती, काम मांगाले. आता डिप्लोमा करून राह्यली म्हने, दुकानात काम केल्याचं सर्टिफिकेट पाह्यजे. मी म्हनलं, बाई, जी फारमात खोटं लिवते ते उद्या माह्या बिलात नाई लिवन काय?"

"बरोबर केलं भाऊ," सोयरा म्हणाला आणि हसला.

माझ्या वयाला शिव्या पचतात. मला फितूर म्हणा, दगड म्हणा, मी ते अंगणात पडलेल्या पाचोळ्यासारखे झाडून टाकीन. पण त्या वाक्याच्या शेपटीला जे बांधले होते, 'चोरी करता करता पकडल्या गेली', ते मुलीला लागू होते, आणि त्यापायी तिचे काम हुकले होते. ते खोटे आहे. ते का खोटे आहे हे सांगण्यासाठी मला आधी बरेच काही सांगावे लागेल, आणि शेवटी ते एक वाक्यही.

मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. समन्स ज्याच्या त्याच्या हाती पोचते की नाही, 'इसम घरी मिळून आला नाही, सबब दारास चिकटविले' असे जे बेलिफ लिहून आणतो ते त्याने खरोखर दाराला चिकटवले की बाभळीखाली बसून नुसतेच लिहिले, हे पाहणे माझे काम होते. त्या खुर्चीने मला एक सवय लावली. कोणी काही सांगितले की माझा पहिला प्रश्न 'काय सांगितले' हा नसतो. 'कोणी सांगितले' हा असतो. या सवयीमुळे माझे बरेच मित्र कमी झाले आणि उरले ते चांगले उरले.

निवृत्तीनंतर बुलढाण्याचे घर मुलाच्या नावे करून मी धाडजवळच्या आमच्या गावी राहायला आलो. तेथे आमचे वडिलोपार्जित वावर, म्हणजे शेत, आहे. मी ते कधी वाहिले नाही. खोटा अभिमान कशाला, मला वखराचा दांडा धरता येत नाही. माझ्या नोकरीच्या काळापासून गावातला एकच माणूस ते बटईने वाहत आला आहे. पीक निघाले की अर्धे त्याचे, अर्धे माझे. त्याच्या तोंडी त्या जमिनीला कधी 'नाझरसायबाचं वावर' असे नाव नव्हते. "आज आमच्या वावरात डवरा चालू हाये," असेच तो म्हणायचा. आमच्या भागात जो वाहतो तो 'आमचं' म्हणतो; त्यात मालकी नसते, घाम असतो. मी मालक असूनही तो शब्द मला कधी खटकला नाही.

ती मुलगी त्याची. शाळा सुटली की बापाची भाकर घेऊन वावरात जाण्याआधी माझ्या ओट्यावर टेकायची. मला 'आबा' म्हणायची. माझा स्वतःचा नातू पुण्यात वाढला; तो मला 'आजोबा' म्हणतो, आणि ते म्हणण्यासाठी वर्षातून एकदा येतो. आबा म्हणणारी एकच. मी तिच्याकडून संस्कृत सुभाषिते पाठ करून घेत असे, ती मला सोयाबीनच्या पानावरची कीड दाखवीत असे. बारावीपर्यंत तिने ठरवून टाकले होते की शेतीचीच पदवी घ्यायची. बापाला हे पटत नव्हते. "जे उन्हात करून राह्यलो तेच पंख्याखाली बसून शिकाले जाचं, याले अक्कल म्हन्तेत काय?" असे तो मला विचारी. मी म्हणे, "तुझ्यापेक्षा जास्त आहे तिला." मग तो खूश होऊन जाई.

आता तो अर्ज. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलांना थोडा जादा भारांक मिळतो. त्यासाठी घरच्या सातबाऱ्यावर नाव लागते. हिच्या बापाच्या नावाने एक गुंठाही नाही. धाडला एका संगणक केंद्रात बापलेक अर्ज भरायला गेले. केंद्रवाल्याने विचारले, "शेती हाये काय?" बापाने सांगितले, "हो तं, आमचं वावर हाये." गट क्रमांक सांगितला, त्याने तेथल्या तेथे सातबारा काढला. त्यावर माझे नाव. "हा खातेदार तुही कोन लागते?" मुलगी म्हणाली, "आबा." केंद्रवाल्याने 'आजोबा' लिहिले आणि पुढच्या रकान्यावर गेला.

येथे धाडच्या बाजारात चालणारी एक उपकथा मला मोडून काढायची आहे: की सातबारा मीच तिला दिला आणि नंतर शेपूट घातली. सातबारा आज कोणीही, कोणाचाही, गट क्रमांक सांगून काढू शकतो. तो देण्यासाठी कोणाला तिजोरी उघडावी लागत नाही. मी काही दिले नाही आणि तिने काही चोरले नाही. मला त्या अर्जाची वार्ताही नव्हती.

म्हणून ती निर्दोष, असे मी म्हणतो आहे असे कोणी समजू नये. 'आमचं' आणि 'आबा' हे दोन्ही शब्द गावात खरे होते आणि अर्जात खोटे, आणि हा फरक बापाला कळला नसेल, पण बारावी शिकलेल्या मुलीला कळला होता. मी तिला नंतर तोंडावर विचारले, "पडद्यावर आजोबा लिहिलेलं तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं आबा."

"मग?"

"मंग मी दुसरीकडं पाह्यलं."

इतके सरळ उत्तर मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात फार क्वचित ऐकले आहे. खोटे ते खोटे. तिच्या बाजूने मी एवढेच म्हणेन की ते खोटे तिने रचले नाही; ते तयार होऊन समोर आले, आणि तिने त्याला दार लावले नाही.

प्रवेश मिळाला. गावातून कृषी महाविद्यालयात गेलेली ती पहिली मुलगी. बापाने गावात पेढे वाटले, आणि जो कालपर्यंत पंख्याखालच्या शिक्षणाला हसत होता तोच आता येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागला, "पोरगी सांगंन तसं पेरतो मी येत्या साली." मलाही पेढा आला. मी तो खाल्ला. तोपर्यंत मला काही माहीत नव्हते, हे पुन्हा नोंदवून ठेवतो.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली. दुपारची वेळ, मी ओट्यावर. ती माझ्या उजवीकडे येऊन बसली.

"काम असलं की तू चहा करून आणतेस," मी म्हटले. "आज चहा नाही. म्हणजे काम मोठं दिसतं."

तिने सगळे सांगितले. महाविद्यालयाच्या तपासणीत विसंगती निघाली होती: तिच्या बापाच्या नावापुढे त्याच्या वडिलांचे जे नाव येते ते सातबाऱ्यावरच्या खातेदाराचे नव्हते. कचेरीने तिच्याकडून खातेदाराचा फोन क्रमांक मागून घेतला होता. सुट्टी संपण्याच्या आत फोन येणार होता.

"आबा, इचारतीन का मी तुमची कोन. तुमी फक्त हो म्हना."

मी काय बोललो ते सविस्तर लिहिण्यासारखे नाही. न्यायालयात आयुष्य काढलेल्या माणसाला शपथेवर भाषण करण्याची सवय असते, आणि मी ते केले. माझा आवाज चढला असावा, कारण समोरून जाणारा तिचा बाप आत आला. त्याला वाटले की मी मुलीला रागावतो आहे. विषय कळल्यावर तो उभाच राहिला.

"नाझरसायेब, वावर नाई मांगून राह्यलो. एक शब्द मांगून राह्यलो."

"तो शब्द खोटा आहे."

"अन् तुमच्या नातवाचा खरा होता? त्याले याच सातबाऱ्यावर गुन भेटले ना दोन साल आधी? त्याले इचारा, तूर कोनती अन् पऱ्हाटी कोनती."

"बाबा, त्याचं काऊन काढता," मुलगी म्हणाली. "त्याचा कागद खरा हाये."

"कागद खरा हाये. अन् आपलं वाहनं खोटं हाये काय बे?"

माझ्या नातवाचा अर्ज अक्षरन् अक्षर खरा होता. त्याने त्या वावरात आजवर जेवढी पावले टाकली असतील तेवढी ती मुलगी एका सकाळी टाकत असेल. कायद्याला घाम मोजता येत नाही. त्याला नाव लागते, आणि नाव कागदावर असते. हे असेच असावे असे माझे मत आहे, कारण घाम मोजायला बसले तर प्रत्येक जण आपलाच जास्त सांगेल. पण मत असणे वेगळे आणि त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून ते बोलणे वेगळे. तो पायरी उतरून गेला. दिवाळीचा फराळ त्या वर्षी त्याच्या घरून आला नाही.

मुलगी मात्र रोज येत राहिली. शेवटी तिने विचारले, "आबा, फोन आला तं तुमी काय सांगसान?"

मी म्हटले, "येऊ दे. मग बघू."

फोन सकाळी आला. ती परातीत हरभरे निवडत होती. फोन तिनेच उचलला. ती माझ्याकडे असली की फोन तीच उचलते, आणि त्याला कारण आहे, ते पुढे येईल. तिने "हो सर" म्हटले, मग फोनवर तळहात ठेवला आणि माझ्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली:

"कॉलेजातून हाये. इचारून राह्यले, मी तुमची कोन लागतो."

मी तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा कोरा होता. तिने डोळ्यांनीही काही मागितले नाही. मागितले असते तर कदाचित मला नाही म्हणता आले असते.

मी म्हटले, "माझीच आहे म्हणून सांग."

हे उत्तर खोटे होते असे मी मानत नाही. ते खरे होते असेही मी शपथेवर सांगणार नाही. ते माझ्या तोंडून निघाले, आणि आठवणी लिहायला बसलेल्या माणसाने आपल्या तोंडून निघालेले लपवू नये.

तिने तळहात काढला. फोन तोंडाशी नेला. परातीतले हरभरे एका बाजूला सारले, जणू ते मध्ये येत होते.

"नाई सर," ती म्हणाली. "मी त्यांची नात नाई. आमी त्यांचं वावर वाहतो."

पलीकडून काही विचारले गेले असावे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली:

"चुकून नाई सर. मले मालूम होतं."

नंतर तिने मला सांगितले की त्या अधिकाऱ्याने तिला वाट काढून दिली होती. अर्ज केंद्रवाल्याने चुकीचा भरला का, असे त्याने तीन प्रकारे विचारले. तो माणूस चांगला असला पाहिजे. ती एकदा हो म्हणाली असती तर कदाचित नुसता भारांक गेला असता आणि प्रकरण सौम्य शब्दांत मिटले असते. तिने फोन ठेवला आणि पुन्हा हरभरे निवडायला लागली.

मी विचारले, "मी काय सांगितलं होतं तुला?"

"ऐकलं मी."

"मग काऊन बे?" रागावलो की माझ्याही तोंडी गावच येते.

"यादीत माह्या खाली एक पोरगी होती आबा," ती म्हणाली. "वाशिमकडची. तिचं नाव मले पाठ हाये."

हरभरे निवडून झाल्यावर तिने चहा केला.

पुढे पत्र आले. प्रवेश रद्द झाला, आणि पुढल्या वर्षी अर्ज करण्यास मनाई झाली. ज्या वाक्याने सारा घोटाळा केला ते असे होते: 'खातेदाराच्या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा केली असता, सदर उमेदवार ही खातेदाराची नात नसल्याचे सांगण्यात आले.' मी जन्मभर अशीच वाक्ये लिहिली आहेत, आणि या वाक्यात मी एक शब्द बदलला नसता. त्यात एकही असत्य नाही. पण सरकारी मराठीत कर्ता नसतो. तिथे सांगण्यात येते, कळविण्यात येते, रद्द करण्यात येते. कोण सांगतो, कोण कळवतो, कोण रद्द करतो, याचा पत्ता लागत नाही. न्यायालयात यावर आम्ही लगेच बोट ठेवत असू. गावात पत्र चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचले गेले, आणि त्या रिकाम्या जागेत गावाने मला बसवले. क्रमांक माझा, म्हणजे बोललो मीच. शिवाय ज्याने वाचले त्याने 'नात नसल्याचे' हे 'नातं नसल्याचे' असे वाचले. दहावीपर्यंत शिकलेला माणूस. त्याने आपल्या पदरचा एक अनुस्वार घातला, आणि संध्याकाळपर्यंत मी 'माझं तिच्याशी काही नातं नाही' असे म्हणणारा म्हातारा झालो.

मी उलटून का बोललो नाही, हा प्रश्न रास्त आहे. मी दुसऱ्याच दिवशी टपरीवर जायला निघालो होतो, टोपी घालून. तिने मला पायरीवर अडवले.

"आबा, जाऊ नका. मीच सांगतलं हे बाबाले कळलं तं त्याले लय लागंन. तुमी नाई म्हनले असं वाटलं तं तो तुमच्यावर चिडंन. चिडनं बरं हाये. पोरीनं स्वतःच्या तोंडानं कॉलेज घालोलं, हे नाई सोसनार त्याले."

मी टोपी काढून खुंटीला लावली. माझ्यावर चिडलेली माणसे मला नवी नव्हती. आणखी एक सामावून घेता येत होता. वावर तो वाहतच राहिला, फक्त हिशेबाचे बोलणे आपल्या धाकट्या पोराकरवी करू लागला. ओट्यावरून जाताना मान दुसरीकडे. हे दिवस मला जड गेले, आणि ते कोणालाही कळू दिले नाहीत.

गंमत अशी की उलट बाजूनेही माझ्यावर अन्याय झाला. बुलढाण्यात माझ्याबरोबर निवृत्त झालेली मंडळी भेटली की म्हणत, "नाझरसाहेब, ऐकलं आम्ही. नातीसारखी पोर, पण खोटी साक्ष दिली नाहीत. अशी माणसं आता राहिली नाहीत." एकाने तर तरुण वकिलांच्या समोर माझे उदाहरण दिले. ही कथाही खोटी आहे, आणि ती ऐकताना मला शिव्यांपेक्षा जास्त त्रास झाला. त्या साक्षीचे श्रेय माझे नाही. साक्षीदाराला मी उलट शिकवले होते, आणि ती माझ्या शिकवणुकीला बळी पडली नाही.

मुलीचे एक वर्ष घरी गेले. लोकांच्या तोंडाला कंटाळून ती पिंपळगाव राजाला मामाकडे राहायला गेली आणि मनाईची मुदत संपल्यावर स्वतःच्या गुणांवर कृषी पदविकेला लागली. पदवी नाही, पदविका. तिच्या वर्गात कोणीतरी कसे कोण जाणे, पण गोष्ट पोचवलीच. तिला तेथे 'सातबारा' म्हणून हाक मारतात. तिने मला हे हसत सांगितले. "मी म्हनलं, हाव, पन आठ-अ कुठी हाये इचारा." आठ-अ म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा; तो तिच्या घरी कुठून असणार. पदविकेसाठी तिला दुकानात काम केल्याचा दाखला हवा आहे. त्यासाठी ती ज्याच्याकडे गेली तो गृहस्थ साखरखेर्ड्याच्या पंगतीत माझ्या उजव्या हाताला बसला होता.

लग्नाहून परतताना एसटीत मी ठरवले की आता लिहायचे. पण तिला न विचारता लिहिणे योग्य नव्हते. ती सुट्टीत आली तेव्हा मी विचारले.

"सगळं लिवसान?"

"सगळं. शेवटचं वाक्यसुद्धा."

"ते तं तुमी कोनालेच नाई सांगत."

"आता सांगेन."

"मंग लिवा," ती म्हणाली. "बाबाले आधी मी सांगतो."

त्या दोघांत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो माणूस, ज्याने इतकी वर्षे माझ्या ओट्याकडे पाहिले नव्हते, पायरी चढून आला आणि माझ्या डावीकडे बसला. मग उठून उजवीकडे बसला. तेव्हा मला कळले की तिने त्याला खरोखर सगळे सांगितले आहे.

"तुमी एवढ्या शिव्या काऊन खाल्ल्या नाझरसायेब?"

"तुझ्या शिव्या होत्या. सवयीच्या."

तो जमिनीकडे पाहत हसला. "पोरगी बह्याड हाये, पुरी येडी," तो म्हणाला. पुन्हा थोड्या वेळाने म्हणाला, "पन हाये कोनाची." आणि मग, नेहमीच्या आवाजात: "आमच्या वावरात यंदा तूर चांगली हाये. येऊन पाहा."

आता आक्षेप. मी आजही नाझर असतो तर तो पहिला मी घेतला असता. फोन माझा, प्रश्न मला, मी समोर बसलेला. मग उत्तर मुलीच्या तोंडून का जावे? घरधन्याचा फोन तिच्या कानाला कशासाठी? म्हातारा शिव्या चुकवण्यासाठी आज गोष्ट रचतो आहे, आणि मुलीची बाजू सावरण्यासाठी तिला हरिश्चंद्र करतो आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय दाखवायचे? शिवाय त्या दुकानदाराने तर माझ्याशी फोनवर दोनदा बोलून माझा कबुलीजबाब घेतला आहे.

मी फोन उचलत नाही, म्हणून गाव मला गर्विष्ठ म्हणते. मी म्हणू दिले. गर्विष्ठ हा शब्द मला चालतो. तो मी कमावला आहे. त्याच्या जागी दुसरा एक शब्द आला असता, जो आपल्याकडे पोरे दगडासारखा फेकतात आणि ज्यावर म्हातारेही हसतात, तो मला चालत नव्हता. त्यामुळे मी पंगतीत जागा निवडून बसतो, बैठकीत मान डोलावतो, आणि मुलाला सांगून ठेवले आहे की बोलायचे असेल तर गावी ये. हे फक्त त्या मुलीने ओळखले होते, शाळेत असतानाच. तिने ते कोणाला सांगितले नाही. एके दिवसापासून ती नुसती माझ्या उजवीकडे बसू लागली, आणि माझा फोन तिचा झाला.

त्या दुकानदाराने हे वाचावे आणि तिला पुन्हा बोलवावे. ती पकडली गेली नव्हती. जिने तिला पकडले ती तीच होती. त्याला पटत नसेल तर पंगतीत न उच्चारलेले ते वाक्य त्याच्यासाठी, आणि ज्याला हवे त्याने धाडच्या बाजारात मोठ्याने वाचावे, अनुस्वारासकट.

डावा कान नोकरीतच गेला, उजव्याला समोरच्याचे मोठ्याने बोललेले तेवढे कळते. ती मुलगी शाळेत होती तेव्हापासून मला फोनवरचे एक अक्षर ऐकू आलेले नाही.